मेंडोलिनचा उजवा हात: ‘रा’ला ‘दा’इतका भरीव करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: गिटार थोडीफार येते, आता आठ तारांचं मेंडोलिन घेतलं आहे. डाव्या हाताची बोटं हळूहळू बसतायत, पण उजव्या हाताचं काही जमत नाही. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) बोटांतून फिरतं, स्वराबरोबर टिकटिक ऐकू येते, ट्रेमोलो (एकाच स्वरावर वेगाने खाली-वर आघात) सुरू केला की थोड्याच वेळात हात आखडतो आणि कोपराखाली दुखायला लागतं. मग पिक कोणतं घ्यावं, कसं धरावं, करंगळी टेकवावी का, आणि खाली कधी मारायचं, वर कधी?

मी बरीच वर्षं मेंडोलिन शिकवते. गिटारवरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच दुखणं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते कळेल. नवशिक्याच्या उजव्या हाताची खरी परीक्षा खालून वर जाणाऱ्या आघातात होते. सरोदवादक जव्याने, म्हणजे त्यांच्या पिकने, खाली मारलेल्या आघाताला ‘दा’ म्हणतात आणि वर मारलेल्याला ‘रा’. मेंडोलिन शिकवताना मीही हेच बोल वापरते. तुमचा ‘दा’ पहिल्या दिवसापासून बरा वाजतो, कारण हाताचं वजन त्याच्या मदतीला असतं. ‘रा’ला अशी मदत नसते. पकड, मनगट, बसण्याची पद्धत, यातलं काहीही बिघडलं की ते आधी ‘रा’मध्ये ऐकू येतं. तुमच्या सगळ्या तक्रारींचा माग काढत गेलं तर आपण तिथेच पोचतो.

गिटारपेक्षा इथे वेगळं काय आहे ते आधी नीट पाहू. मेंडोलिनवर जी, डी, ए, ई अशा चार जोड्या असतात, व्हायोलिनच्याच स्वरांत. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावलेल्या, दोघींमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरचं अंतर. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंतची (तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज) लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे गिटारच्या निम्म्याहून थोडीच जास्त. एवढी आखूड तार इतक्या चढ्या स्वरात ताणलेली असल्यामुळे ती हाताला कडक लागते आणि तिचा स्वर लवकर विझतो. ‘दा’ मारताना पिक आधी तुमच्या चेहऱ्याकडच्या तारेला लागतं आणि तसंच पुढे जात दुसरीलाही छेडतं. ‘रा’ मारताना आधी जमिनीकडची तार लागते, आणि इथे घोटाळा होतो. हात वर येताना मनगट नकळत बाहेर, वाद्यापासून दूर वळतं. पिक कमानीत उचललं जातं आणि दुसऱ्या तारेला स्पर्शही न करता निघून जातं. त्यामुळे ‘दा’ दोन तारांचा आणि ‘रा’ एकाच तारेचा. गिटारवर एकेकटी तार असल्यामुळे हा फरक तुम्हाला कधी जाणवलाच नसेल.

हे कानाने पकडणं सुरुवातीला अवघड जातं, कारण दोन्ही तारांचा स्वर एकच असतो. म्हणून मी एक उपाय करायला लावते. ए जोडीतली एक तार अर्धा स्वर उतरवा. आता ती जोडी मोकळी छेडलीत तर दोन स्वर एकमेकांवर घासून कर्कश वाजतील. ‘दा’ मारा, कर्कश वाजेल. ‘रा’ मारा. स्वच्छ, गोड एकच स्वर आला तर समजा, दुसरी तार सुटली. ‘रा’सुद्धा ‘दा’इतकाच कर्कश वाजू लागेपर्यंत असंच करत राहायचं, मग तार परत जागेवर आणायची. सरावाची ही पाच मिनिटं कानाला त्रासदायक असतात, पण हातात नेमकं काय चाललंय ते इतकं स्पष्ट दुसरं काहीही दाखवत नाही. फोनच्या स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण केलंत तर पिक वर उचललं जाताना डोळ्यांनाही दिसेल.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट इथेच सांगते. जोडीतल्या दोन तारा एकमेकींशी तंतोतंत जुळलेल्या नसतील तर उजवा हात कितीही चांगला असो, आवाज वाईटच येणार. क्लिप-ऑन ट्यूनरने एक तार लावा आणि दुसरी पहिलीशी कानाने जुळवा. दोन स्वरांमधली लाट थांबते ना, ते ऐका. अर्धा तास वाजवून झालं की पुन्हा तपासा.

आता बसणं. पिकचं धरणं विचारलंत, पण मी आधी तुमचा डावा हात बघेन. वाद्याची मान डाव्या हाताने तोलून धरावी लागत असेल तर उजवा हात वाद्याला दाबून ठेवायच्या कामाला लागतो, कोपर अंगाशी आवळलं जातं आणि मनगट कुलूपबंद होतं. म्हणून बसून वाजवतानाही पट्टा लावाच. मान थोडी वर तिरकी, डोकं वाद्यावर न वाकवता पडदे जेमतेम दिसावेत इतकी. सपाट पाठीचं वाद्य मांडीवर बऱ्यापैकी स्थिर राहतं. गोल पाठीचं, नेपल्सच्या घडणीचं असेल तर घसरतं, त्याखाली एखादं खरखरीत कापड घ्या. डावा हात पूर्ण सोडून द्या. वाद्य जागेवर राहिलं तरच पुढे जा. उजव्या हाताचा पुढचा भाग टेलपीसच्या (तारांची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) जवळ वाद्याच्या कडेवर हलका टेकतो. कडेवरच. वरच्या फळीवर दाब पडला तर फळी मोकळेपणी हलत नाही आणि आवाज दबतो.

पिकबद्दल. गिटारसाठी वापरता ते पातळ, वाकणारं पिक बाजूला ठेवा. कडक जोडतारांसमोर ते आधी स्वतः वाकतं, मग सुटतं, आणि त्या वाकण्या-सुटण्याचा आवाज म्हणजे तुम्हाला ऐकू येणारी निम्मी टिकटिक. ट्रेमोलोमध्ये तर पातळ पिक आघाताच्या मागे पडतं. साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडीचं, न वाकणारं पिक घ्या. टोक फार अणकुचीदार नको. नेहमीच्या तीनकोनी पिकचा गोलसर खांदा वापरून पाहा, आवाज लगेच भरतो. पूर्वी चांगली पिकं कासवाच्या पाठीची असत. १९७०च्या दशकात आंतरराष्ट्रीय करारामुळे त्या व्यापारावर बंदी आली, आणि तेव्हापासून उत्पादक तसाच आवाज देणारं प्लास्टिक शोधत आले आहेत. परदेशातली काही पिकं आपल्याकडे हजारोंच्या किमतीत पडतात. सुरुवातीला त्यांची काहीही गरज नाही. धोबी तलावला किंवा तुमच्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन वेगवेगळ्या जाडीची चार-पाच साधी पिकं घ्या, प्रत्येक आठवडाभर वाजवा आणि ‘रा’ कोणत्याने जास्त भरीव येतो ते बघून ठरवा. ‘दा’वरून पिक निवडू नका, तो सगळ्यांनीच बरा वाजतो.

पकड अशी. उजवा हात सैल सोडा, बोटं आपोआप थोडी वळतात तेवढीच वळू द्या. तर्जनी जरा जास्त वळवा. तिच्या पहिल्या पेराची बाजू, नखाच्या टोकाशेजारचा भाग, ही पिकची बैठक. पिक तिथे आडवं ठेवा आणि वरून अंगठा पसरा. अंगठ्याचा सांधा आत मोडलेला नको, फार बाहेर काढलेलाही नको. पिकचं टोक अंगठ्याशी साधारण काटकोनात बाहेर डोकावेल, तीन ते पाच मिलिमीटर, जास्त नाही. गिटारवाले बहुतेक वेळा दोन बोटांच्या टोकांनी पिक धरतात आणि अर्धं बाहेर ठेवतात. बाहेर जितकं जास्त, तितकं ते फिरतं. फिरू नये म्हणून तुम्ही जितकं घट्ट धरता, तितकं कोपराखाली दुखतं. पिक फिरण्याची आणि हात दुखण्याची अशी ही साखळी आहे. पकड किती घट्ट? डाव्या हाताने पिक ओढलं तर थोड्या विरोधाने सुटून यावं इतकी. जोरात वाजवताना ती क्षणभर आपोआप घट्ट होते, ते चालतं. नंतर ती सैल होते की नाही यावर लक्ष ठेवा. घाम येणारे हात असतील, आणि मुंबईत-कोकणात कोणाचे नसतात, तर पिकला मधोमध छिद्र पाडा किंवा वरचा पृष्ठभाग थोडा खरवडून घ्या. ते अंगठ्याच्या त्वचेला बसतं आणि जोर लावावा लागत नाही.

पिक तारेला अगदी सपाट लावलं तर आघात जोरकस होतो, पण थोडा अडकतो. पुढची कड किंचित तिरकी केली तर पिक तारेवरून सरकत जातं, आवाज मऊ होतो आणि ‘रा’ अडकायचा थांबतो. तिरकेपणा फार वाढला तर खरखर ऐकू येते, विशेषतः जी आणि डीच्या गुंडाळलेल्या तारांवर. तिरकेपणा अंशांत सांगण्यात अर्थ नाही. खरखर सुरू होईपर्यंत वळवा आणि तिथून थोडं मागे या, तुमची जागा सापडेल. तारांमध्ये किती खोल जायचं? पिकचं टोक तारेच्या जेमतेम खाली. खोल खुपसलेलं पिक वर येताना अडतं, आणि मग ‘रा’ मारताना हात उचलला जाण्याची सवय लागते, जी सोडवायला फार वेळ लागतो.

आता मनगट. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लिहून सांगायला तोच सगळ्यात अवघड आहे. हात धुतल्यावर जवळ टॉवेल नसला की आपण बोटांवरचं पाणी झटकतो, त्या झटक्यात मनगट जितकं मोकळं असतं तितकं ते मेंडोलिन वाजवताना हवं. हालचालीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मनगट बाजूला हलतं आणि पुढचा हात स्वतःभोवती किंचित वळतो. कोणाच्या हातात पहिली जास्त, कोणाच्या दुसरी. दोन्ही बरोबर आहेत. दोन गोष्टी मात्र बरोबर नाहीत. एक, कोपरातून अख्खा हात वरखाली हलवणं. यात वेग येतो, पण काही क्षणांपुरता, आणि नंतर सगळं आखडतं. दुसरी, अंगठा आणि तर्जनी आतबाहेर करून पिक हलवणं. ही सवय हळू लयीत स्वच्छ वाजते म्हणून लक्षात येत नाही, पण ट्रेमोलोच्या वेळी हात तिथेच अडतो. आरशासमोर बसा. ‘दा’ आणि ‘रा’ मारताना अंगठ्याचा सांधा हलतोय का ते बघा. हलत असेल तर लय अर्ध्यावर आणा.

करंगळीबद्दल वादकांमध्ये खूप मतभेद आहेत, आणि नामांकित वादकांमध्येही करंगळी टेकवणारे सापडतील. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्याने ती रोवू नये. रोवलेली करंगळी मनगटाला एका बिंदूभोवती फिरायला लावते. ए जोडीवर ते जमतं. जी जोडीकडे गेलात की त्याच बिंदूवरून कोन बदलतो आणि प्रत्येक जोडीवर ‘रा’ वेगळा वाजायला लागतो. पण हात पूर्णपणे अधांतरी ठेवा असंही मी सांगणार नाही, त्याने पिकला तारेची उंची समजत नाही. मधली, अनामिका आणि करंगळी सैल वळवलेली ठेवा आणि त्यांची नखं किंवा पाठीमागची बाजू फळीवर किंवा पिकगार्डवर हलकी घासत जाऊ द्या. स्पर्श हवा, भार नको. काही जण तळहाताची कड घोडीच्या मागच्या तारांवर टेकवतात; तेही चालतं, फक्त घोडीवर स्वतः हात ठेवू नका. मेंडोलिनची घोडी बहुधा चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते. ती हलली की सूर बिघडतो आणि हात ठेवला की आवाज दबतो.

आघात कुठे करायचा? घोडीच्या जवळ आवाज तीक्ष्ण आणि पातळ, फ्रेटबोर्डच्या टोकाजवळ गोल आणि भरलेला. सुरुवातीला फ्रेटबोर्ड संपतो त्याच्या थोडं घोडीकडे वाजवा. तुमच्या वाद्याचा फ्रेटबोर्ड होलवर पुढे आलेला असेल तर पिक त्या शेवटच्या पडद्यांवर आपटून टिकटिक करत असेल. तुमच्या तक्रारीतली उरलेली टिकटिक बहुतेक तीच. अमेरिकेतले पुष्कळ वादक तेवढा भाग तासून खाली घेतात. तुम्ही नुसता हात बोटभर मागे घ्या, तेवढ्यावर भागेल.

दा कधी आणि रा कधी, हा प्रश्न बहुतेक सगळ्यांना सर्वांत गोंधळाचा वाटतो, पण त्याचा नियम साधा आहे. ठोक्यावर ‘दा’, दोन ठोक्यांच्या मध्ये ‘रा’. केरव्याच्या आठ मात्रा, म्हणजे चार ठोके, आठ सारख्या आघातांनी वाजवल्या तर दा रा दा रा दा रा दा रा. आता गाण्यात चौथ्या आघाताच्या जागी स्वर नसेल, आधीचाच स्वर लांबला असेल, तर हात थांबवायचा नाही. ‘रा’ हवेतून वर न्यायचा, तारेला न लावता, म्हणजे पाचव्यावर ‘दा’ आपोआप येतो. उजवा हात ठेका धरून चालत राहतो आणि कुठे तारेला लागायचं, कुठे नाही, एवढंच ठरतं. ज्यांचा हात प्रत्येक लांब स्वरावर थांबतो त्यांची लय पुढच्या स्वराला हमखास घसरते.

सहाच्या लयीत दोन मार्ग आहेत. आयर्लंडच्या जिग या नाचाच्या धुनांमध्ये ‘दा रा दा, दा रा दा’ वाजवतात, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या आघाताला ‘दा’चं वजन मिळतं. मध्य लयीतल्या दादऱ्याला हे सुंदर बसतं, कारण ठेक्यातही ‘धा’ पहिल्या आणि चौथ्या मात्रेवरच आहे. लागोपाठ दोन ‘दा’ येतात तिथे हात चपळाईने मागे आणावा लागतो, ते सुरुवातीला जड जातं. द्रुत लयीत साधं ‘दा रा दा रा दा रा’ सोपं, पण मग चौथी मात्रा ‘रा’वर येते, आणि तुमचा ‘रा’ कमजोर असेल तर दादरा लंगडतो. मी विद्यार्थ्यांना दोन्ही करायला लावते, दुसरा मार्ग थोडा जास्त. स्टाफ नोटेशन वाचणाऱ्यांसाठी: खाली उघड्या चौकोनासारखी खूण म्हणजे ‘दा’ आणि इंग्रजी व्हीसारखी खूण म्हणजे ‘रा’, व्हायोलिनच्या गजासाठी असतात त्याच. गोव्यात चर्चच्या संगीतशाळांमधून व्हायोलिन शिकलेल्यांना मेंडोलिनवर डाव्या हाताच्या जागा आयत्या मिळतात, तारा त्याच असल्यामुळे. पण गजाचा लांब श्वास त्यांना पिकने मिळत नाही, आणि त्यांचाही सगळा वेळ उजव्या हातातच जातो.

सरावासाठी जी जोडीवर ०, २, ४, ५ आणि डी जोडीवर पुन्हा ०, २, ४, ५ या पडद्यांवरचं शुद्ध स्वरांचं सप्तक पुरेसं आहे, सा ते वरचा सा. मेट्रोनोम ६० वर. आधी मोकळी ए जोडी घ्या आणि फक्त ‘दा’, प्रत्येक आघातानंतर पिक शेजारच्या ई जोडीवर टेकू द्या. त्याने हाताला पुरतं खाली जायची आणि तिथे सैल व्हायची सवय लागते. मग फक्त ‘रा’, मिनिटभर, एकही ‘दा’ न मारता. हे कोणालाच आवडत नाही आणि नेमकं हेच सगळ्यांना लागतं. मग दा-रा आलटून पालटून, डोळे मिटून. घरातल्या कुणाला तरी पाठ करून ऐकायला बसवा आणि कोणता आघात खालचा, कोणता वरचा ते ओळखायला सांगा. ओळखता आलं नाही म्हणजे तुमचं काम होतंय. त्यानंतर सप्तक, प्रत्येक स्वरावर दोन आघात, मग एक, आणि शेवटी प्रत्येक स्वरावर तीन. तीनच्या पलट्यात सा ‘दा’ने सुरू होतो, रे ‘रा’ने, ग ‘दा’ने. प्रत्येक दुसऱ्या स्वराचा उठाव ‘रा’वर येतो, आणि उठाव डळमळला तर लगेच ऐकू येतो. इतका साधा आणि इतका प्रामाणिक पलटा मला दुसरा माहीत नाही.

मग एका जोडीवरून दुसरीवर जाणं. ए जोडीवर ‘दा’ आणि ई जोडीवर ‘रा’ असं आलटून वाजवलंत तर पिक दोन्ही जोड्यांच्या बाहेरून वळसा घेतं. उलट ए वर ‘रा’ आणि ई वर ‘दा’ घेतलंत तर पिक दोन जोड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकून राहतं, तिथूनच वर आणि तिथूनच खाली. दुसरा प्रकार अवघड. बहुतेक जण नकळत तो टाळतात, दोन ‘दा’ लागोपाठ मारून निसटतात, आणि मग गती वाढली की तिथेच अडखळतात. दोन्ही प्रकार मोकळ्या तारांवर, डावा हात मांडीवर ठेवून, वेगळे करा. आधी ए-ई, मग डी-ए, मग जी-डी. जी-डीवर हात किंचित वर सरकला पाहिजे. मनगट तेच, जागा बदललेली. एकाच जागेवरून मनगट वाकवून जीपर्यंत पोचायचा प्रयत्न करू नका.

आता ट्रेमोलो. अठराव्या शतकात मेंडोलिनवर आतड्याच्या आणि पितळी तारा असत आणि त्या पिसाच्या देठाने छेडत. तेव्हा ट्रेमोलो फारसा नव्हता. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या व्हिनाच्चिया घराण्याने पोलादी तारांचं वाद्य घडवलं, आवाज मोठा झाला, आणि लांब स्वर धरून ठेवण्यासाठी ट्रेमोलो हीच त्या वाद्याची ओळख बनली. आपल्या हिंदी सिनेसंगीतात मेंडोलिन म्हटलं की कानात येतो तो हाच नाद. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मेंडोलिनवादकच. म्हणून सगळ्यांना पहिल्या आठवड्यात ट्रेमोलो हवा असतो. तो मी देत नाही. ट्रेमोलो म्हणजे सारखे ‘दा रा’ वेगाने. ‘रा’ एका तारेचा असेल तर ट्रेमोलोत प्रत्येक दुसरा आघात पोकळ, आणि तो नाद न वाटता खडखडाट वाटतो.

‘रा’ भरला की मग ६० च्या लयीत प्रत्येक मात्रेला चार आघात घ्या, पहिल्यावर अगदी हलकं वजन. सहज झालं की ७०, ८०, ९०. हात आखडल्याची पहिली जाणीव होताच दहाने खाली या, रेटू नका. आखडलेल्या हाताने केलेल्या सरावातून हात आखडायलाच शिकतो. १२० वर मात्रेला चार आघात म्हणजे सेकंदाला आठ. एवढ्यावर कानाला अखंड स्वर ऐकू यायला लागतो. आघाताची रुंदी वेगाबरोबर कमी झाली पाहिजे, पिक जोडीच्या जेमतेम बाहेर जाऊन परत. वेग वाढवायला जोर लावू नका, अंतर घटवा. मोठा-लहान आवाजही वेगाने करायचा नसतो: वेग तोच ठेवून पिक किंचित खोल नेलं की आवाज वाढतो. जी आणि डी या जाड जोड्यांवर ट्रेमोलो थोडा संथ ठेवा, त्या तारांना फिरून यायला वेळ लागतो. ई वर थोडा जलद. आणि लांब स्वराची सुरुवात एका स्वच्छ ‘दा’ने, मग ट्रेमोलो, शेवटचा आघात पुढच्या स्वरात मिसळू नये इतकी मोकळीक ठेवून थांबा.

एक सावधगिरीही सांगते. यू. श्रीनिवास यांचं वादन ऐकून तुम्ही मेंडोलिनकडे वळला असाल तर लक्षात ठेवा, त्यांनी कर्नाटक संगीतासाठी घेतलेलं वाद्य पाच एकेकट्या तारांचं, इलेक्ट्रिक होतं. तिथे जोडीचा प्रश्नच नाही, आवाज टिकवायला अँप्लिफायर आहे आणि गमकांसाठी तारा सैल. त्यांचा उजवा हात अलौकिक होता, पण तो तसाच आठ तारांच्या वाद्यावर उचलून आणता येत नाही. संगीतकार सज्जाद हुसेन मेंडोलिनवर मींड घेत राग वाजवत. तेही जरूर ऐका, एका आघातात किती स्वर धरता येतात हे त्यातून कळतं. अमेरिकेतले वादक बिल मन्रो यांनी १९२३ सालच्या गिब्सन एफ-५ या मेंडोलिनवर रुजवलेला ब्लूग्रास या तिथल्या संगीतशैलीतला ‘चॉप’, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर मारून लगेच दाबलेला स्वरमेळ, हा पुढचा विषय आहे. तो फक्त ‘दा’चा खेळ असल्यामुळे नवशिक्यांना सोपा वाटतो आणि त्यातच रमून ‘रा’ मागे राहतो. सहा महिने थांबा.

दुखण्याबद्दल गंभीरपणे. थकवा चालतो, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला टोचणारी कळ चालत नाही. कळ आली की त्या दिवशी उजवा हात बंद, डाव्याचा अभ्यास करा. दुसऱ्या दिवशीही राहिली तर डॉक्टरांना दाखवा. वाजवायला बसताना एकदम तासभर बसू नका. पंधरा मिनिटं, मग हात खाली सोडून थोडी विश्रांती, मग पुन्हा पंधरा. तारांची उंची तपासून घ्या: बाराव्या पडद्यावर दीड ते दोन मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त असेल तर दुकानातून सेटअप करून घ्या, आणि .०१० पासून सुरू होणारा हलका संच लावा. नव्या हाताला .०११ चा संच विनाकारण कडक पडतो. समुद्राजवळ राहत असाल तर तारा लवकर गंजतात. गंजलेल्या तारेवर पिक अडखळतं आणि दोष मात्र मनगटाला दिला जातो. वाजवून झालं की कोरड्या कापडाने प्रत्येक जोडी खालून-वरून पुसा. पिकची कडही अधूनमधून नखाने तपासा. गुंडाळलेल्या तारांनी तिच्यावर बारीक खाचा पडतात, आणि त्या ‘रा’लाच आधी अडवतात. सर्वांत बारीक पॉलिश पेपरवर कड थोडी घासून मग जीन्सच्या कापडावर चोळली की ती पुन्हा गुळगुळीत होते.